अक्का, तुझं रक्त नॉर्मल धरलं होतं

हे आत्ताच सांगायला पाहिजे. संध्याकाळपर्यंत थांबले तर राग निवेल, आणि राग निवला की मीही बाकीच्यांसारखी "फार चांगली होती हो" म्हणत बसेन. खाली पंक्ती चालू आहे, आमच्या अंबुजा अक्काच्या तेराव्याची. पायसम्, म्हणजे खीर, वाढतायत. मी पानावरून उठून गच्चीवर आलेय, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलेय, उजवा हात धड धुतलासुद्धा नाही, डाव्या अंगठ्याने टाइप करतेय. शाळेत हिंदी घेतलं होतं म्हणून ही लिपी येते. बोलणं आमचं तंजावूरचं मराठी आहे, घराबाहेर सगळं तमिळ, ग्रुपवरच्या पुण्याच्या भावंडांना हसायचं असेल तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

जे अक्काला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी एवढंच. ती माझ्या आईची आत्तेबहीण. इथल्या एका खाजगी हॉस्पिटलात लॅबच्या सगळ्या मशिनी सांभाळणारी इंजिनीयर. मी बायोमेडिकलची इंटर्न, तिच्याच हाताखाली. बस. आता पुढचं मी तिच्याशी बोलणार आहे. तुम्ही ऐका.

अक्का, आत्ता खाली काय झालं ते ऐक. तुझे डॉक्टर सर आलेत, लॅबचे मुख्य, पांढरी वेष्टी नेसून, पहिल्यांदाच पॅंटशिवाय बघितलं त्यांना. पानावर बसायच्या आधी उभे राहिले आणि सगळ्यांसमोर तमिळमध्ये म्हणाले, "इतकी वर्षं अंबुजा मॅडमनी आमच्या मशीनला स्वतःचं रक्त दिलं. असं कुठल्या हॉस्पिटलात कुणी केलं नसेल. आता ही पोरगी ते पुढे चालवेल. घरातलंच रक्त आहे." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तुझ्या अण्णांना, म्हणजे तुझ्या थोरल्या भावाला, रडूच आलं. सगळ्या आत्या, माम्या माना डोलवायला लागल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "पुण्य आहे गे हे."

मी म्हटलं, "नाही देणार."

तमिळमध्ये म्हटलं, सरांना कळावं म्हणून. वाढणाऱ्याच्या हातात सांबाराचा डाव तसाच. आई दाताखालून मराठीत म्हणाली, "उगी रहा गे, आज तेरावं आहे." मी उगी राहिले नाही, उठूनच आले. झालं. आता आई आठवडाभर माझ्याशी बोलणार नाही. म्हणजे तू सुरू केलंस तेच पुढे चालू.

पण मला सांग, त्यांना कुणालाच कसं दिसत नाही? तुझं रक्त मशीनला देत होतीस ते पुण्य नव्हतं. त्यानेच तू गेलीस.

मी पहिल्या दिवशी आले तेव्हा तू मला मशीनला हातच लावू दिला नव्हतास. "आधी ऐक," म्हणालीस. सेंट्रिफ्यूजवर, ते रक्ताच्या नळ्या गरगरा फिरवतं ना, त्याच्यावर माझा तळवा दाबून धरलास आणि म्हणालीस, "घरचा इडलीचा ग्राइंडर एका बाजूला जड झाला की कसा नाचतो? तस्संच हे. एक नळी ठेवलीस तर समोर तेवढ्याच वजनाची दुसरी ठेव. एकटी नळी कधीच ठेवायची नाही." मी कॉलेजात तीन वर्षं ज्याची गणितं केली ते मला तुझ्या ग्राइंडरने कळलं. हे मी तुला सांगितलं नाही कारण तू आधीच स्वतःवर खूश असायचीस. इतकी खूश असलेली बाई मी दुसरी बघितली नाही. कंपनीचा माणूस दुरुस्तीला आला की तू खुर्ची ओढून त्याच्या मागे बसायचीस आणि बिचारा प्रत्येक स्क्रू दोनदा तपासायचा.

आणि तुझं ते वाक्य. "मशीन चुकतं, पण खोटं बोलत नाही. माणूस दोन्ही करतो. म्हणून आधी मशीनला विचार, मग माणसाला." मी ते मोबाइलवर स्टेटस ठेवलं होतं. ठेवलं होतं, अक्का. तू त्याला हार्ट पाठवलं होतंस.

तर मग तू का नाही विचारलंस त्याला?

सगळं नीट सांगते, कारण खाली कुणालाच नीट माहीत नाही. आमच्या लॅबमध्ये रक्तातल्या पेशी मोजायचं मशीन आहे, सेल काउंटर. ते बरोबर मोजतंय का हे रोज सकाळी बघायचं असतं. त्यासाठी कंपनीकडून एक बाटली येते, तिला कंट्रोल म्हणतात. आत कसलं रक्त आहे, किती यायला पाहिजे, ते आधीच माहीत असतं. तेवढं आलं तर मशीन ठीक. पण ती बाटली महाग, फ्रिज बंद पडला की खराब, पार्सल अडकलं की संपलं. तेव्हा काय करायचं? तर अक्का बाही वर करायची. सेल्वी, आमची टेक्निशियन, माझ्यापेक्षा थोडीच मोठी, ती रक्त काढायची, मशीनमध्ये घालायची. अक्काचे आकडे सगळ्यांना पाठ. प्लेटलेट अडीच लाखाच्या आसपास, वर्षानुवर्षं. तेवढे आले की मशीन बरोबर. मशीन दुरुस्त केलं, अक्काचं रक्त. मशीन हलवलं, अक्काचं रक्त. सेल्वी हसत म्हणायची, "मॅडम लग्नाला गेल्या तर लॅब बंद."

आणि तू म्हणायचीस, "माझं रक्त म्हणजे हॉलमार्क गे."

हे तुला आवडायचं. खोटं बोलू नकोस, आवडायचं. सगळं हॉस्पिटल तुझ्यावरून मोजलं जातं, हे.

ओरत्तनाडू गावाला गेलो होतो तो दिवस आठवतो? तिथल्या छोट्या दवाखान्याचं सेंट्रिफ्यूज टेबलावरून उडी मारायच्या बेतात आलं होतं. आपण तुझ्या स्कूटरवर गेलो, मी मागे, टूलबॉक्स मांडीवर, प्रत्येक स्पीडब्रेकरला तो माझ्या बरगडीत. तिथल्या मुलाने एकटी नळी ठेवली होती. तू त्याला काही बोलली नाहीस, फक्त विचारलंस, "तुझ्या घरी ग्राइंडर आहे?" मी इतकी हसले की बाहेर जावं लागलं. मग तिथल्या छत्रमच्या, मराठी राजांच्या जुन्या धर्मशाळेच्या, पायरीवर बसून दहीभात आणि डांगर पचडी खाल्ली. तू म्हणालीस, "बघ, हे आपल्या लोकांनी बांधलं." मी म्हटलं, "आपल्या म्हणजे कुणाच्या? माझ्या बाबांना तर घराची गच्ची बांधायला दहा वर्षं लागली." तू मला डब्याच्या झाकणाने मारलंस. छान दिवस होता. मला तो छान दिवस म्हणूनच ठेवायचा होता.

पण तू मारायला हात उचललास तेव्हा बाही मागे सरकली आणि दंडावर हे एवढं जांभळं दिसलं. मी म्हटलं, "हे काय?"

"स्कूटरच्या स्टँडला लागलं."

"दंडाला? स्टँड?"

"तू इंजिनीयर आहेस की पोलीस?"

संपलं. तुझं नेहमीचं. उत्तर नसलं की विनोद करायचा.

त्यानंतर कंट्रोलची बाटली संपली, नवीन पार्सल तिरुच्चीत अडकलं, आणि तू बाही वर केलीस. प्लेटलेट कमी आले. थोडे नाही, बरेच कमी. पांढऱ्या पेशी पण कमी. मशीनने आकड्यापुढे तारा छापला. त्याला शंका आली की ते तारा छापतं, हे तूच शिकवलंस. मी तुला कागद दाखवला. आणि आपण मराठीत बोलायला लागलो, जसं नेहमी बोलतो, लॅबमध्ये दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून. सरांची नक्कल मराठीत, कँटीनच्या वड्याला शिव्या मराठीत, सेल्वीला बघायला आलेल्या मुलाचे कान मराठीत. ती आपली मजा होती. तोच आपला घोळ झाला, अक्का.

"धुतलं का ते भोक?" तू विचारलंस. ज्या बारीक भोकातून पेशी एकेक करून जातात ते.

"धुतलं. परत तेच आलं."

"मग परत धू."

"आणि तुझं रक्तच तसं असेल तर?"

तू चष्म्यावरून बघितलंस. "सोनार तराजू दुरुस्त करतो की वजन तासत बसतो?"

मी परत भोक धुतलं. उत्तर आता सुचतंय. सोनाराच्या वजनाला ताप येत नाही. सोनाराच्या वजनाच्या हिरड्यांतून रक्त येत नाही. तू त्या आठवड्यात ब्रश केल्यावर बेसिन परत परत धुवायचीस, अण्णांनी मला सांगितलं, पण तू गेल्यावर. तू त्यांना म्हणाली होतीस, ब्रश कडक आहे. नवीन ब्रश आणलास. मशीनला नवीन पाणी, तोंडाला नवीन ब्रश. काहीही बदलेन, पण मी बदलले आहे असं म्हणणार नाही.

आणि नशीब बघ, तापाचे दिवस होते. डेंग्यूची पोरं रांगेत. सगळ्यांचेच प्लेटलेट कमी येत होते. म्हणून तुझं सगळ्यांना पटलं. "बघा, सगळ्यांचंच कमी दाखवतंय, मशीनच खाली मोजतंय." सेल्वीने मान हलवली. मी पण अर्धी हलवली. पण मी तरी म्हटलं, "अक्का, मग दुसरी परीक्षा घेऊ. तुझ्या रक्ताची स्लाइड करू. तू म्हणतेस ना नळीत रक्त गोठू नये म्हणून असतं त्या औषधाने प्लेटलेट चिकटून बसले, मग मायक्रोस्कोपखाली गठ्ठे दिसतील. दिसले की मी गप्प."

तू काय म्हणालीस आठवतं? तू म्हणालीस, "स्लाइड पेशंटची करतात. मी पेशंट आहे काय?"

हे मराठीत म्हणालीस. म्हणून कुणालाच कळलं नाही. सेल्वी शेजारी उभी होती, स्टिकर लावत होती, तिला वाटलं आपण वड्याबद्दल बोलतोय. नंतर तिने मला विचारलं, "त्या दिवशी तुम्ही दोघी कशावरून हसत होता?" आपण हसत नव्हतो, अक्का. मी हसत नव्हते.

मग तो दिवस. खिडकीबाहेर एक आई बाळाला घेऊन बसली होती, रिपोर्टसाठी. प्लेटलेट कमी असतील तर ॲडमिट, नाहीतर घरी. आणि तू मशीनसमोर बसलीस, पासवर्ड टाकलास, कॅलिब्रेशनचा, म्हणजे मशीनचं मोजमाप जुळवायचा, पडदा उघडलास. मला समजलं तू काय करणार आहेस. तुझं रक्त अडीच लाख येईपर्यंत आकडा वर ढकलणार. तुझं वर जाईल, तर सगळ्यांचंच वर जाईल. त्या बाळाचंही. ते घरी जाईल.

मी मराठीत म्हटलं, "अक्का, नको." तू ऐकलं नाहीस. मी परत म्हटलं. तू म्हणालीस, "उगी रहा गे, पेशंट थांबलेत."

तेव्हा मी तमिळमध्ये बोलले. मोठ्याने. सगळ्यांसमोर. "मॅडम, आकडा बदलायच्या आधी दुसऱ्या कुणाचं तरी रक्त घालून बघा. तुमचंच बरोबर कशावरून?"

मी तुला मॅडम म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

सगळे वळून बघायला लागले. तू हळूच, ओठ न हलवता, मराठीत म्हणालीस, "घरातलं घरात बोलावं."

मी तमिळमध्येच म्हटलं, "हे घर नाही."

मला वाटलं तू थोबाडीत मारशील. मारली असतीस तर बरं झालं असतं. तू नुसती बघत राहिलीस, जसं कुणीतरी तुझ्या हातातला टंबलर ओढून घेतला असावा. आणि मग सेल्वीने स्वतःची बाही वर केली. लॅबमधल्या दुसऱ्या मुलीला म्हणाली, "काढ." मशीनमध्ये घातलं. आपण चौघी त्या छोट्या पडद्याकडे बघत उभ्या. सगळं ठीक आलं. प्लेटलेट ठीक, पांढऱ्या पेशी ठीक, तारा नाही, काही नाही. मशीन बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. ते बिचारं रोज ओरडून सांगत होतं आणि तू त्याला आंघोळ घालत होतीस.

तू पडदा बंद केलास. बाळाचा रिपोर्ट आला तसा गेला, ते ॲडमिट झालं, आता बरं आहे, हे तुला कळलंच नसेल. सेल्वीने कुणाला न विचारता तुझ्या नळीतल्या थेंबाची स्लाइड केली. सर आले, मायक्रोस्कोपला डोळा लावला, आणि काढेचनात. मग वर न बघताच विचारलं, "हा पेशंट कोण आहे?"

सेल्वी तुझ्याकडे बघायला लागली.

मग तूच म्हणालीस, "मी."

अक्का, तो एक शब्द मला अजून ऐकू येतो. तू तो इतक्या साध्या आवाजात म्हणालीस. हजेरी घेताना म्हणतात तसा.

दुपारी तिरुच्चीच्या मोठ्या हॉस्पिटलला न्यायला गाडी आली. मी गेटपर्यंत धावत आले. अण्णा पुढे बसले होते, ड्रायव्हरला रस्ता सांगत. मी खिडकीशी वाकले, काय म्हणायचं होतं तेही माहीत नव्हतं, सॉरी म्हणायचं नव्हतं, कारण मला सॉरी नव्हतं वाटत. तू माझ्याकडे बघितलंस आणि तमिळमध्ये म्हणालीस, "तुम्ही जा आत. मशीन बंद करू नका."

तुम्ही. मला. ज्या पोरीचा शेंबूड तू पुसलायस तिला. माझ्याशी तू कधीच तमिळ बोलली नव्हतीस, चिडलीस तरी नाही, उलट चिडल्यावर तर पक्कं आपलं जुनं मराठी निघायचं. तमिळ आपण बाहेरच्यांशी बोलतो. तू मला बाहेर काढलंस. गाडीची काच वर केलीस आणि गेलीस.

दोन दिवसांत मेंदूत रक्तस्राव झाला. मी बसने येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तिथल्या डॉक्टरांनी अण्णांना काय सांगितलं माहीत आहे? रक्ताच्या कॅन्सरचा हा जो प्रकार होता ना, हा बरा होणाऱ्यातला आहे म्हणे. औषध आहे त्याला. फक्त रक्तस्राव व्हायच्या आधी यायला पाहिजे. "थोडं आधी आणलं असतं तर." अण्णा मान हलवत होते, त्यांना वाटलं सगळेच डॉक्टर असं म्हणतात. मला मात्र माहीत होतं की थोडं आधी म्हणजे कधी. जेव्हा मी हातात कागद घेऊन तुझ्यासमोर उभी होते, तेव्हा.

म्हणून मी चिडलेय. लोक म्हणतात दुःख आहे, वयाने लहान आहे, म्हणून चिडचिड करते. नाही हो. दुःख वेगळं आहे, ते पण आहे, ते रात्रीच्या जेवणात तुझी आवडती आंबट भाजी आली की येतं. हा राग आहे, शुद्ध. तू हुशार होतीस म्हणून राग आहे. तुला सगळं माहीत होतं. दुसऱ्या कुणाचा तो कागद असता तर तू त्याला चपलेसकट मायक्रोस्कोपपर्यंत ओढत नेलं असतंस. गेटवरच्या वॉचमनला नव्हतं का नेलंस? त्याची साखर तू पकडलीस, तो नको नको म्हणत असताना. स्वतःच्या वेळी काय झालं? सगळ्यांना तपासणारीला कुणी तपासायचं नाही, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? तुझ्याशी भांडायला मला तुझंच वाक्य लागतं. मशीन चुकतं पण खोटं बोलत नाही. समोर दुसरी नळी ठेव, एकटी कधीच ठेवू नको. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर तोंड उघडलं ते तुझ्यामुळे. दुसऱ्या कुणाकडे शिकले असते तर पडदा काय, आकडा काय, मला काही कळलं नसतं, मी बाजूला उभी राहून मान हलवली असती. ते बाळ तुझ्यामुळे वाचलं. तुझ्यापासून, तुझ्यामुळे. आता हे कुणाला जाऊन सांगू? तू असतीस तर म्हणाली असतीस, "बघ, शिकवलं कुणी?" आणि स्वतःवर खूश होऊन फिल्टर कापी मागवली असतीस.

अण्णांनी मला विचारलं, "शेवटी तुझ्याशी काय बोलली?" मी सांगितलं, मशीन बंद करू नका म्हणाली. त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. आता खाली प्रत्येकाच्या तोंडी तेच आहे, मरताना पण कामाची काळजी, काय बाई होती. कोणत्या भाषेत म्हणालीस ते मी सांगितलं नाही. म्हातारा माणूस आहे, राहू दे. इथे लिहिलं तर त्यांना वाचता येणार नाही, देवनागरी येत नाही त्यांना. तू पण काय, त्या एका वाक्यातही तुझंच खरं केलंस. मशीन बंद करू नका. म्हणजे बाई, तुला माहीत होतं ना ते बरोबर आहे? गाडीत बसताना तुला माहीत होतं. मग माझ्याकडे बघून, आपल्या बोलीत, एकदा, "बरोबर होतीस गे" म्हणायला किती वेळ लागला असता? काच वर करायला लागला त्यापेक्षा कमी.

थांबा, सेल्वी वर आलीय. टंबलरमध्ये पायसम् घेऊन आलीय माझ्यासाठी, स्वतःच्या साडीवर थोडं सांडलंय.

मी विचारलं, "खाली काय चाललंय?"

"सर विचारत होते, कंट्रोलची बाटली परत संपली, पार्सल आलं नाही, उद्या सकाळी कुणाचं घालायचं."

"मी नाही म्हटलंय."

"ऐकलं सगळ्या गल्लीने," ती म्हणाली. "मी सांगितलं त्यांना, आजपासून एकीचं घालायचं नाही. दोघींचं, समोरासमोर. रोज वेगळ्या दोघी. आणि काही वेगळं आलं तर आधी स्लाइड, मग मशीन धुवायचं."

"काय म्हणाले?"

"काही नाही. पायसम् परत मागितलं."

"म्हणजे हो?"

"सर दुसऱ्यांदा पायसम् घेतात तेव्हा हो असतं." मग ती माझ्या फोनमध्ये डोकावली. तिला ही अक्षरं येत नाहीत. "काय लिहितेस एवढं?"

"भांडतेय."

"कुणाशी?"

"मॅडमशी."

ती टाकीला टेकून बसली. मग म्हणाली, "मग जोरात लिही. त्यांना हळू सांगितलेलं ऐकू येत नव्हतं."

ऐकलंस, अक्का? उद्या सकाळी एक बाही माझी आणि एक सेल्वीची. मी देणार आहे रक्त, पण तुझ्या जागी नाही. तुझी जागा आता कुणालाच द्यायची नाही. आणि माझ्या कागदावर तारा आला तर मी सगळ्यांना ओरडून सांगणार आहे, तमिळमध्ये, मराठीत, येईल त्या भाषेत. तू चिडून बस. नको बोलूस माझ्याशी. मी बोलत राहीन, आणि "तू"च म्हणेन.

आणि तुम्ही, इथपर्यंत वाचत आलेले सगळे. तुमच्या घरात, कामावर, असं कुणी आहे का, ज्याच्यावरून बाकीचे सगळे आपापलं बरोबर करून घेतात? त्याला कुणी शेवटचं कधी विचारलं होतं, तुझं कसं आहे म्हणून? तुम्ही विचारलंत तर ती चिडली का? तुमच्याशी बोलायची बंद झाली का? तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर खाली लिहा, कुठल्याही लिपीत लिहा, मी वाचून घेईन. हे माझ्या एकटीलाच झालंय असं निघालं तर मला अजून राग येईल.